नंतर आलेली माणसं

४ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचे! ट्रंका, गाद्या, आईचं शिलाई मशीन आणि आईच्या तोंडाची टकळी, सगळं सुखरूप. क्वार्टर बघून आई इतकी हरखली की म्हणाली, तुझं लग्न काही जमलं नाही, पण घर मात्र झकास जमलं. मागची खोली तिनं उभ्या उभ्याच बळकावली. भिंतींना ताजा आकाशी रंग, भर दुपारीही गारवा. मला पुढची खोली मिळाली. तक्रार करायची सोय नाही.

ऑफिस दोन गल्ल्या सोडून. कारखान्याची टाकी फुटून विषारी वायू पसरला, त्याला वर्ष उलटून गेलं. ज्यांची छाती कायमची बिघडली त्यांना भरपाई आणि जन्मभर मोफत उपचार मिळणार आहेत. कोण पात्र, कोण अपात्र, हे तपासून ठरवायला मला डॉक्टर म्हणून इथे पाठवलंय. हेडक्लार्कना सगळे मामा म्हणतात. त्यांनी चहा पाजला आणि बजावलं, की इथे लोक रडतात, शिव्याही देतात, आपण मनावर घ्यायचं नाही.

६ तारीख, बुधवार

काम अंगवळणी पडतंय. माणसानं नळीत जोरात फुंकायचं, यंत्राचा काटा वर चढतो, त्यावरून छातीत किती दम उरलाय ते कळतं. मी ओरडते, फुंका, फुंका, अजून, अजून! मामा म्हणाले, रस्त्यावरच्यांना वाटतं आत कुस्ती चाललीय. एक म्हातारा पाववाला फुंकून फुंकून लालबुंद झाला आणि हसत म्हणाला, पूर्वी एवढ्यात माझी भट्टी पेटायची. त्याला पात्र केलं. संध्याकाळपर्यंत मन हलकं होतं.

नियम सोपा आहे. टाकी फुटली त्या दिवशी जो गावाच्या हद्दीत होता, तोच पात्र.

११ तारीख, सोमवार

आज एक बाई आली. मामा तिला ब्रशवाली म्हणतात. बोटांना नखं जवळजवळ नाहीतच, तळव्यांची कातडी पांढरी, सोलल्यासारखी. तिनं फुंकलं तर काटा जागचा हललासुद्धा नाही. मला वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून स्वतः फुंकून पाहिलं. यंत्र ठणठणीत होतं.

त्या दिवशी कुठे होतात, असं विचारलं. खोटं सहज बोलता आलं असतं तिला. पण तिनं सरळ सांगितलं, की ती तेव्हा लांब भावाकडे होती. महिनाभरानं मुकादमानं बायका आणल्या, घरं धुवायला. भिंतींवर पिवळा थर बसला होता. तोंडाला फडकं बांधायचं आणि घासायचं, बस.

मी म्हणाले, तुम्ही नंतर आलात, नियमात बसत नाही. ती भांडली नाही. मी कुठे राहते ते तिनं विचारलं, मी सांगितलं. तेव्हा म्हणाली, डॉक्टरबाई, मागच्या खोलीत कुणाला झोपवू नका. त्या भिंतीवरचा थर माझ्याच्यानं निघाला नाही. तुम्ही यायच्या आधी मुकादमानं वरून रंग मारून घेतला.

वाटलं, राग काढतेय. मी शिक्का मारला. अपात्र.

घरी येऊन भिंतीला नाक लावलं. नुसता रंगाचा वास. आईनं विचारलं, भिंतीशी काय गुजगोष्टी चालल्यात?

१५ तारीख, शुक्रवार

मामा म्हणाले, ब्रशवाली गेली. काल, बहिणीच्या घरी, बसल्या बसल्या.

जेवण गेलं नाही. आई विचारत राहिली. कामाचा ताण आहे, म्हणून सांगितलं.

१९ तारीख, मंगळवार

आई आज खुशीत होती. म्हणाली, पोरी, बाई छान धाडलीस हो कामाला. दुपारी येते, मागची भिंत धुते. चहा घेत नाही, बसत नाही, पैशाचं नावसुद्धा काढत नाही.

मी कुणालाही धाडलेलं नाही.

दिसायला कशी आहे, म्हणून विचारलं. आई म्हणाली, काटकुळी, तोंडाला फडकं. आणि बिचारीच्या बोटांना नखंच नाहीत गं.

२० तारीख, बुधवार

दुपारी ऑफिसातून उठून घरी आले. दारातच आवाज आला. खर्र, खर्र. ओल्या भिंतीवर ब्रश फिरावा तसा.

मागच्या खोलीत आई एकटीच झोपलेली. भिंत ओली होती, माणसाचा हात पोचेल तिथपर्यंतच. एके ठिकाणी आकाशी रंग निघाला होता. खाली पिवळं.

आई झोपेत खोकली. हा खोकला मी रोज ऐकते. टेबलापलीकडून.

तिची खाट ओढत पुढच्या खोलीत आणली.

२२ तारीख, शुक्रवार

आईला ऑफिसात नेऊन नळीत फुंकायला लावलं. ओरडायचा धीर झाला नाही. अजून, अजून, असं नुसतं पुटपुटले. आईच म्हणाली, आता पुरे की गं.

काटा कुठे थांबला ते लिहीत नाही.

वरच्या ऑफिसला फोन केला. सांगितलं, नंतर आलेल्यांनाही धरायला हवं, भिंतींत अजून आहे. साहेबांनी विचारलं, नवा पेशंट कोण? मी म्हणाले, माझी आई. ते मऊ आवाजात म्हणाले, की त्या तर नंतर आल्या ना?

माझंच वाक्य.

२३ तारीख, शनिवार

आई मोठ्या दवाखान्यात. नाकाला नळी. बोलायला दम पुरत नाही तरी माझा हात ओढून सांगत होती — ती बाई चांगली आहे — ती म्हणते, पोरीलाही त्या घरातून काढा —

मी तिला काहीच सांगितलं नाही. ती बाई कोण, ते.

२४ तारीख, रविवार

आईचे कपडे न्यायला आले. पाच मिनिटांचं काम. पण पुढच्या खोलीची भिंतही ओली — माझ्या पलंगामागची. मीही तीन आठवडे इथेच —

खर्र. खर्र.

मोठ्यानं बोलले. म्हणाले, चुकलं माझं, तुम्ही खरं सांगत होतात, उद्याच सगळं लिहून देते — आवाज थांबला. मी श्वास रोखून उभी होते.

श्वास सोडला. पुन्हा सुरू.

तासभर झाला. बाहेर जायचंय पण पायात जोर नाही — दारापर्यंतसुद्धा —

स्टेथोस्कोप भिंतीला लावला. काही नाही. पलंगामागच्या भिंतीला. काही नाही. मागच्या खोलीत भिंतीला धरत धरत गेले — तिथेही शांत. कुणी नाही. ती नाहीच इथे. मग आवाज —

स्वतःच्या छातीवर लावला.

खर्र. खर्र. आत. प्रत्येक श्वासाला. घासतेय. निघत नाही तिच्याच्यानं —

यानंतर हे क्वार्टर ज्याला मिळेल त्यानं — नुसत्या रंगावर जाऊ नये — खालचा — मुलंबाळं असतील तर आधी त्यांना इथून —