दार मध्येच उघडलं की

आई, तू खरं बोलत होतीस. तुला जाऊन नऊ वर्षं झाली आणि ते मला काल कळलं. तू मस्कतला आमच्याकडे राहायला आली होतीस तेव्हाचा तो मायक्रोवेव्ह अजून आहे. जूनचा महिना होता. मी अल् खुवैरच्या ऑफिसातून दुपारी घरी येतो, तर ब्रेकर पडलेला, एसी बंद, आणि तू घामाघूम होऊन स्वयंपाकघरात उभी. "अरे, मी नुसतं दार उघडलं." भात किती तापला ते बघायला, गॅसवरच्या पातेल्याचं झाकण काढावं तसं, टिंग व्हायच्या आत. मी इंजिनिअर ना, मग ऐकून कशाला घेतोय! "दार उघडल्याने कुठे लाईट जाते? कळत नसेल तर हात लावू नकोस." बायकोसमोर बोललो. त्यानंतरचे वीस दिवस तू घरातल्या कशालाच हात लावला नाहीस. मी येईपर्यंत थंड भात खायचीस आणि एसीचा रिमोट समोर असून खिडकी उघडून बसायचीस. विचारलं तर म्हणायचीस, "मला असंच बरं वाटतं." आणि मी ते खरं मानलं, कारण तेच सोयीचं होतं.

काल ब्रेकर पुन्हा पडला. मी फ्रीज, किटली, सगळे प्लग काढले, मायक्रोवेव्ह दुसऱ्या सॉकेटला लावला, आत पाण्याचा ग्लास ठेवून चालवला. टिंग वाजेपर्यंत व्यवस्थित. आम्ही सगळे टिंगची वाट बघणारे, म्हणून इतकी वर्षं निभावलं. मग लेकीने घाईघाईत मध्येच दार ओढलं आणि खट्कन सगळं बंद. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "बाबा, आय स्वेअर, मी फक्त दार ओपन केला." तिचं मराठी तसं अडखळतंच, पण मला तुझाच आवाज ऐकू आला. मी मायक्रोवेव्हचा प्लग काढला आणि तो उचलून गाडीत ठेवला.

गाला भागातल्या दुरुस्तीच्या दुकानात मेकॅनिकने तो खोलला. "दरवाज़े का स्विच चिपकता है, साब. चलते में खोलो तो शॉर्ट. पुराना फॉल्ट है. पहले भी ट्रिप हुआ था क्या?" लेक माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नहीं, पहली बार."

आई, मी चुकलो होतो गं. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणूनच लिहिता आलं. तू असतीस, तर फोनवर मी नेहमीसारखं "जेवलीस का?" एवढंच विचारलं असतं.