खंडेनवमीला बसलेला डीबगर

२० सप्टेंबर, शनिवार
कंपनीकडून तळहाताएवढा सर्किट बोर्ड आला. नवा प्रोसेसर, नवी ऑपरेटिंग सिस्टीम. कंपनीचा जुना डीबगर त्यावर चालता करायचा. डीबगर म्हणजे चालत्या प्रोग्रॅमला मध्येच थांबवून 'पोटात काय आहे ते दाखव' म्हणणारा.

मॅनेजर तेजश्री मॅडमची अट: दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डेमो. जमलं तर कायमचं गावातून, राहूतून काम. नाही तर बंगळूर ऑफिस. बायकोची, प्राचीची नोकरी कुरकुंभच्या औषध कंपनीत, ती काही तिकडे येणार नाही. म्हणजे जमवायचंच. अवघड काही नाही. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

२१ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ
रविवारी पाचचा नियम लागू नाही.

आईने बोर्ड हातात घेऊन पाहिला. म्हणाली, एवढ्याशा पाटीवर पोट भरतंय व्हय तुझं? मी म्हटलं, लॅपटॉप काय कुणाकडेही असतो. आप्पांचा नांगर, तसं हे माझं अवजार. आईने बोर्ड पदराने पुसून परत दिला. पटलं असावं.

२४ सप्टेंबर
प्रोग्रॅम थांबत नाही. राहू फाट्यावर हात केला तरी एसटी जाते तसा सरळ पुढे जातो. चूक चिप बनवणाऱ्यांची. मॅन्युअल जाडजूड आहे. अनुभवी माणसाने ते वाचू नये, गोंधळ होतो.

२६ सप्टेंबर
आमची लेक, छोटी, सारखी हात लावते म्हणून बोर्ड माझ्या पाठीमागच्या फळीवर ठेवला. लॅपटॉपशी वायफायवर बोलतो, वायर जोडायची भानगड नाही. व्हिडिओ कॉलमध्ये मागे दिसतो. रुबाब वाटतो.

दिवसातून दहादा लाइट जाते. बोर्ड बंद, की डीबगर 'बोर्ड सापडला नाही' म्हणून बोंब मारतो. आज त्याची बोलती बंद केली. बोर्ड सापडला नाही तर त्याने गपगुमान लॅपटॉपमधल्या जुन्या, नकली प्रोसेसरवर काम चालू ठेवायचं. कुणाला सांगायचं नाही. या महिन्यातलं माझं सर्वोत्तम डिझाइन.

२९ सप्टेंबर
अजून थांबत नाही. प्राचीने विचारलं, किती झालं? नव्वद टक्के, म्हटलं. ती म्हणाली, मागच्या सोमवारीही नव्वदच होतं. सॉफ्टवेअर तिच्या लक्षात येत नाही.

पाचला उठणे दसऱ्यापासून. मुहूर्त चांगला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
थांबला. दुपारी सहज चालवून पाहिला आणि पहिल्या झटक्यात थांबला. पोटातलं सगळं दाखवलं. इतके दिवस काय अडलं होतं कळलं नाही. कळायची गरजही नाही.

मॅडमना मेल टाकला. प्राचीला कंपनीत फोन केला. ती नुसती हसली. बऱ्याच दिवसांनी अशी हसली. मला फार बरं वाटलं.

आई पूजेला बोलवत होती. म्हणाली, आज अवजाराला हात लावू न्हाई. मी म्हटलं, मी फक्त लॅपटॉप चालवतोय. उठलो नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
सोनं वाटताना अख्ख्या आळीला सांगितलं, आता इथेच राहणार. आप्पा नुसते 'बरं' म्हणाले, पण दोनदा म्हणाले.

चालत्या कोडला हात लावला नाही.

३ ऑक्टोबर
डेमो. कॅमेरा बंद, नुसती स्क्रीन दाखवत होतो. मॅडम म्हणाल्या, बोर्डवरचा दिवा लावून दाखव. लावला. स्क्रीनवर 'दिवा चालू'. म्हणाल्या, आता कॅमेरा चालू करून बोर्ड दाखव. केला.

फळी रिकामी.

तेवढ्यात आई आत आली. हातात बोर्ड, त्यावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. सगळ्या ऑफिससमोर म्हणाली, आरं, परवा इळ्या-खुरप्याशेजारी पूजेला मांडलं हुतं. तूच म्हणला हुतास ना, तुझं अवजार हाय म्हणून. काल उचलायचं राह्यलं बघ.

मॅडम म्हणाल्या, म्हणजे दिवा लॅपटॉपमधल्या नकलीवर लागला, आणि बराच वेळ हसल्या. मग बंगळूरला कधी निघतोस, ते विचारलं.

संध्याकाळी बोर्ड पुसून लावला. प्रोग्रॅम थांबत नाही. चिपच्या पायांत हळद गेली असावी.

५ ऑक्टोबर, दौंड स्टेशन
प्राची सोडायला आली आहे. शिफ्ट बदलून घेतली तिने. रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. छोटी खांद्यावर झोपली आहे. आईने बोर्ड ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळून दशम्यांच्या डब्यावर ठेवला आहे.

एका महिन्यात काम संपवून परत येतो, असं सांगितलं. नव्वद टक्के झालंच आहे, असंही सांगणार होतो, पण तिच्याकडे बघून सांगितलं नाही.

मला जायचं नाही.

ही गाडी रोज उशिरा येते म्हणे. आज वेळेवर आहे. आणि दौंडला थांबतेही.