एकाच बाईच्या हातची गाडी

सोमवार, दि. ९

चि. ठमूस,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. म्हणजे जेवतो, झोपतो, दुकान उघडतो. गुडघा आहे तसा आहे. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई परवा जिन्यात भेटल्या, तुझी चौकशी करत होत्या. मजेत आहे म्हटलं. तू माझा फोन आपटलास हे त्यांना कशाला सांगू?

तू एकच विचारलं होतंस, "बाबा, आईची स्कूटर कुठंय?" मी म्हटलं, विकली. तू म्हणालीस, "आई जाऊन महिना नाही झाला, आणि मला विचारलंसुद्धा नाहीत?" पुढे नुसता टूं टूं आवाज. तुझं बरोबर आहे. ती गाडी तुला हवी होती आणि आईनेही ती तुलाच दिली असती. म्हणून गेले काही दिवस ती परत मिळवायच्या मागे आहे. फोनवर मला हे सगळं धड सांगता येणार नाही. दुकानात गिऱ्हाईक नाही, नळांवरची धूळ दोनदा पुसून झाली, तेव्हा लिहितो.

आधी वाटलं, जुनीच्या मागे कशाला लागा, तुला त्याच रंगाची नवी घेऊन टाकू. शोरूममध्ये गेलो. काचेचं दार, थंडगार हवा, आणि टेबलामागे तुझ्यापेक्षा लहान मुलगी. तिने गाडीची किंमत सांगितली, ती बरी वाटली. मग त्यात नोंदणी आली, विमा आला, विम्यावरचा विमा आला, हाताळणीचा खर्च आला. सीटकव्हर, पुढचा गार्ड आणि पॉलिश तर घ्यावंच लागतं म्हणाली. मी विचारलं, "मुली, चाकं यातच धरलीत की वेगळी?" ती हसली नाही. "चाकं यातच आहेत सर," म्हणाली. आणि एवढं देऊनही गाडी दोन महिन्यांनी. लगेच हवी असेल तर आणखी काही हजार वर, त्याची पावती नाही.

तिने एक गाडी चालू करून दाखवली. चालू कधी झाली ते कळलंच नाही, शिलाईमशीनसुद्धा जास्त बोलतं. मला ते फार बरं वाटलं. घेऊनच टाकली असती. पण फॉर्म भरता भरता ती म्हणाली, "घरात जुनी गाडी असेल तर एक्स्चेंजमध्ये चांगला भाव देतो." मी म्हटलं, होती. आणि उठलो. पेन तिचं होतं, ते खिशात तसंच राहिलं.

तिथून गॅरेजवाल्याकडे. आपल्या दुकानाच्या मागचाच, ज्याला मी गाडी विकली तो. मला बघून हातातलं काम टाकून आला.

"शेठ, आता तरी खरं सांगा. गाडीत होतं काय?"

"काय असणार?"

"मी बावीस हजार म्हटलं. तुम्ही 'बरं' म्हणालात. माझ्या हातातला पाना खाली पडला. तुम्ही आयुष्यात कुणाला 'बरं' म्हणालाय का?"

त्याचंही खोटं नाही. हातगाडीवर बादल्या विकायचो तेव्हापासून कुणी भाव सांगितला की माझ्या तोंडून आपोआप 'निम्मे' येतं. अख्खा बाजार मला निम्मेशेठ म्हणतो आणि आई त्यावरून किती हसायची ते तू ऐकलं आहेस. तर या माणसाने दोन दिवस इंजिन खोलून दोष शोधला. "सापडेना, तसा आणखीच घाबरलो," म्हणाला. "निम्मेशेठ घासाघीस न करता गाडी देतो आणि दोष सापडत नाही, म्हणजे दोष केवढा असेल. दिली मामाला काढून. तीस हजाराला."

"बावीसची तीसला?"

"मग काय करणार? स्वस्त दिली असती तर त्यालाही संशय आला असता."

मामा म्हणजे जुन्या गाड्यांचा व्यापारी, सगळे त्याला मामाच म्हणतात. पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या दाटीने लावलेल्या, टायरांना काळं पॉलिश, ओरखड्यांवर स्टिकर. तिसऱ्या रांगेत आपली दिसली. डावा आरसा नवा होता. पिशवीचा हूक मात्र अजून वाकडाच. मी सीटवर हात ठेवला तसा मामा आला. तो मला ओळखत नव्हता.

"चांगली निवडलीत काका. एकाच बाईच्या हातची आहे. शाळेत शिक्षिका होत्या. घर ते शाळा, शाळा ते घर. तीसच्या वर काटा गेला नाही."

तुझ्या आईबद्दल बोलत होता. जिच्या मागे बसून मी डोळे मिटून घ्यायचो, सिग्नल हिरवा व्हायच्या आत जी चौक ओलांडायची. शाळेत तिने जन्मात शिकवलं नाही. दवाखान्यात लोकांना सुया टोचल्या आणि वर दम दिला.

"मग विकली का त्यांनी?" मी विचारलं.

"मुलीकडे राहायला गेल्या. मुलीने ठेवूनच घेतलं. म्हणाली, आई, खूप राबलीस, आता बस निवांत."

"तब्येत बरी आहे?"

"एकदम झकास. परवाच फोन होता, गाडी चांगल्या घरी द्या म्हणाल्या."

ठमे, मीही धंदेवाला आहे. माझ्या दुकानातला प्रत्येक नळ वीस वर्षं गळत नाही. त्याचं बोलणं कुठल्या गोदामातून येतंय ते मला पहिल्या वाक्याला कळलं. पण थांबवावंसं वाटलं नाही. मी आणखी विचारत राहिलो, मुलीचं घर मोठं आहे का, त्यांना तिथे करमतं का. तो सांगत राहिला. गच्ची आहे म्हणाला, संध्याकाळी वारा चांगला येतो. राग आला नाही, रडूही आलं नाही. दुसऱ्याच्या घरातला रेडिओ ऐकावा तसं ऐकत होतो.

भाव त्याने अठ्ठेचाळीस हजार सांगितला. मी तोंड उघडलं, पण 'निम्मे' काही येईना. "घेतो," म्हटलं.

तो थबकला. माझ्याकडे नीट बघितलं. "काका, तुम्ही नळवाले निम्मेशेठ तर नव्हे?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता आत गेला. आतली खोली प्लायवूडची, आणि माझे कान तुला ठाऊक आहेत. तो गॅरेजवाल्याला फोनवर दबक्या आवाजात विचारत होता, "अरे, निम्मेशेठ आलाय, तीच गाडी परत मागतोय. गाडीत आहे काय? काही लपवलंय का त्याने? हा माणूस उगाच परत यायचा नाही."

बाहेर आला तो हसतच. "काका, तिचा भाव आता पंचाहत्तर आहे."

"तू आत जाऊन आलास तेवढ्यात?"

"मार्केट आहे काका. पेट्रोलसुद्धा असंच वाढतं."

नव्या गाडीच्या किमतीपेक्षा थोडाच कमी. मी सीटवरचा हात काढून घेतला. त्याला वाटलं मी नाराज झालो. "निदान आवाज तर ऐका," म्हणत त्याने किल्ली लावली.

"चालू करू नको," मी म्हटलं. जरा मोठ्याने बोललो असेन. शेडमधले दोन-तीन लोक वळून बघायला लागले.

मामाचा चेहरा उतरला. "म्हणजे इंजिनातच आहे ना, काका?" आणि तिथल्या तिथे साठावर आला. आयुष्यभर भाव पाडले, पण एवढ्या कमी शब्दांत कधी पडला नव्हता.

आता ते लिहितो, जे मघापासून लांबवतोय. आई गेल्यावर गाडी खाली उभीच होती. मला चालवता येत नाही, मी जन्मभर मागे बसलो. एका संध्याकाळी बॅटरी उतरू नये म्हणून वॉचमनने त्याच्याकडे राहिलेल्या किल्लीने ती आपणहून काढली आणि कोपऱ्यापर्यंत फिरवून आणली. मी स्वयंपाकघरात होतो. वळणावर तिचा तो खोकल्यासारखा आवाज आला, मग फाटकाशी ब्रेक. मी दोन कप पाण्याचं आधण ठेवलं, कप काढले, जाऊन दाराची कडी काढली आणि दारात उभा राहिलो. जिना चढून वॉचमन आला. "साहेब, किल्ली," म्हणाला. मी म्हटलं, बरं केलंस. आत येऊन दोन्ही कप मीच प्यायलो. सकाळी गाडी विकली. गॅरेजवाला बावीसऐवजी दोन म्हणाला असता तरी मी 'बरं' म्हटलं असतं.

तुला विचारायला हवं होतं. पण तू 'का?' म्हणाली असतीस, तर हे सांगावं लागलं असतं.

मामाला विसार दिला आहे. रविवारपर्यंत तो गाडी कुणाला दाखवणार नाही. उरलेले पैसे मी आधीच पोचते करतो, तू रविवारी येऊन गाडी घे; महाग पडली असं तू म्हणायचं नाहीस. गाडी तुझ्या नावावर करू आणि तू ती तुझ्याकडेच ने. इथे ठेवू नकोस.

मामाकडून निघालीस की आधी घरी मात्र ये, जेवून जा. मी घरीच थांबेन, शेडवर येत नाही. फक्त कोपऱ्यावर थांबून एक फोन कर. वळायच्या आधी. "बाबा, मी आहे," एवढं म्हण, आणि मग आत ये.

तुझा,
बाबा