पोकरचा पंचनामा

११ डिसेंबर २०१७, जानेफळ.
आजपासून मोबाइलवर पोकर. हा जुगार नाई, दिमागाचा खेळ हाय. अन् दिमाग आपल्यापाशी हायेच. कृषी केंद्र सासऱ्याचं, इंद्रभानमामाचं, पन चालवतो मी. मामा म्हनले, सीझन नीट काढा जावई, चौदा एप्रिलच्या जयंतीले दुकान तुमच्या नावानं करतो. तवर टाइमपास म्हनून थोडंसं खेळीन. थोडंसंच.

१३ डिसेंबर.
हारलो. नेट स्लो होतं.

१५ डिसेंबर.
हातात दोन एक्के! समोरचा दुर्रीची जोडी घेऊन बसलेला, अन् तिसरी दुर्री आलीच. ॲपमधी घोळ हाय. समोर मानूस नाई, कम्प्युटर बसवला हाय बे त्यायनं.
दुपारी आपली गिऱ्हाईक झुंबरबाई कापसाची किडकी बोंडं पदरात बांधून आली. म्हने तुमचं बीटी बियानं बोगस हाय. समजावलं, बाई, पाकिटाले काऊन दोष देता? लोकायले हारन्याची सवय पाह्यजे. ती शिव्या देत गेली. मंग मी ॲपवाल्यायले शिव्यायचा मेल टाकला.

१८ डिसेंबर, सकाळी.
आयडिया! ॲपची उगवनशक्ती काढाची. बियान्याचे शंभर दाने ओल्या गोनपाटात गुंडाळतो, सत्तरायले कोंब आले तं माल खरा. तसेच शंभर डाव. सत्तर जिंकलो तं ॲप खरं. खर्च दुकानाच्या गल्ल्यातून. संशोधन हाय हे.

२२ डिसेंबर.
शंभर डाव झाले. कोंब अकरा. बोगस! गल्ला साफ झाला त्याचं दुःख नाई, सिद्ध झालं याचं समाधान हाय.
जेवन गेलं नाई मातर.

२६ डिसेंबर.
बोंडअळीचे पंचनामे चालू हायेत म्हनून मीबी तालुक्याले कृषी साहेबाकडं गेलो. म्हनलं, ॲप बोगस हाय, पंचनामा करा, भरपाई द्या. साहेब इतका हासला का चहा शर्टावर सांडला. म्हने, तुमी इंद्रभानजीचे जावई ना? मले वाटलं, मोठी ओळख हाय आपली. काम होते.

२७ डिसेंबर.
मामा दुकानात. साहेबाचा फोन गेलता म्हने. मी सारं सायन्स समजावलं. बायकोनं, महामायानं, माह्या मोबाइलवर खेळाचे नियम वाचले. मी नव्हते वाचले, नियम नवशिक्यायसाठी असतात. तिनं इचारलं, पत्ते खराब आले तं डाव सोडाचा असते म्हने, तुमी किती सोडले? एकबी नाई म्हनलं! गोनपाटातला दाना मधातच काढून फेकला तं टेस्ट होते का? तिनं कपाळाले हात लावला. मामानं गल्ल्याची चाबी मागितली. देली.

१ जानेवारी २०१८.
संकल्प: ॲप डिलीट. मामा रुसले, पन जयंतीवरी इसरतीन. जावयाशिवाय दुकान चालवन कोन?

४ जानेवारी.
ॲप पुन्हा घेतलं. सुधारले का ते पाहाले फक्त. नाई सुधारले.

२० मार्च.
गोन्या मी उचलतो, गल्ल्यावर महामाया बसते. तिले शिकवनं चालू हाय माहं. झुंबरबाई आता तिच्याशीच बोलते.

१४ एप्रिल.
जयंती. मामानं कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, म्हनून मीबी नवा घातला. वंदना झाल्यावर त्यायनं चार लोकायसमोर सांगतलं, दुकान महामायाच्या नावानं. टाळ्या वाजल्या. मीबी वाजवल्या.
पेढे आनाले मलेच धाडलं.