टोपलीतून आलेली चिठ्ठी

पप्पा,

साडीवर टिकल्या चिकटवायचं काम बाजूला ठेवून हे लिहितेय.

दर रविवारी सुषमामावशी मला कतारगामच्या चर्चमध्ये प्रार्थनेला नेते. तिथे सगळे आपलं दुःख चिठ्ठीत लिहून टोपलीत टाकतात. तुम्ही घर सोडून गेलात त्या हजीऱ्याच्या चर्चमंडळीच्या चिठ्ठ्याही येतात. ज्याला जी चिठ्ठी येईल, त्याने त्या माणसासाठी मोठ्याने प्रार्थना करायची.

आज मला तुमच्या अक्षरातली चिठ्ठी आली. ‘दारू पिऊन पोरीची सातवीची पुस्तकं जाळली, तिची शाळा सुटली. सात महिने झाले, प्यायलो नाही. दिपालीने एकदा पप्पा म्हणावं.’

तुम्ही, आणि येशूपाशी? मी तर रोज त्यालाच सांगते, तुम्हाला घरी येऊ देऊ नको.

मावशीला बोलले, “बदलून दे ना.”

“येडी! ‘ते घरी नकोत’ ही तुझी चिठ्ठी मला आली तेव्हा मी बदलली का?”

लोकांसमोर माझा आवाज निघत नाही. आज निघाला. “प्रभू, यांना सांभाळ.” एवढंच. घरी आण, असं नाही बोलता आलं.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. पण वर पप्पा लिहिलंय, ते खोडलं नाही.

दिपाली