तीनशे बारा लोखंडी स्लीपर

३ फेब्रुवारी १९५७, रविवार
रूळ पूर्ण! मागच्या खोलीत, आठ बाय पाचच्या फळीवर, जालना स्टेशन हुबेहूब. इंजिन सिकंदराबादेहून आणलेले, विलायती, बॅटरीवर चालणारे. मूळ रुळांखाली लाकडी पट्ट्या होत्या. आपल्या लाइनला लोखंडी स्लीपर, म्हणून त्या काढून टाकल्या आणि पत्र्याचे तीनशे बारा कापून दोन्ही रुळांना डाक देऊन जोडले. पुस्तकाशिवाय, गुरूशिवाय.
शरयू म्हणाली, एकोणीसला उमा बाळंतपणाला येते, पहिलटकरीण आहे, खोली लागेल. तडजोड झाली. तोवर गाडीने एक पूर्ण फेरा मारला तर फळी हलणार नाही, उमाची सोय बैठकीत. एकच फेरा! सोळा दिवस आहेत. मला चार पुरेत.
उमाला पत्रात काही कळवलेले नाही. येऊन पाहील तेव्हा कळेल, बाप काय चीज आहे.

६ फेब्रुवारी
वायरिंगआधी शिस्त. वायरी, स्क्रू, बल्ब, सगळे सत्तावीस डब्यांत. डब्यांवर चिठ्ठ्या उर्दूत, निजामाच्या राज्यात शिकलो ते वाया का घालवा? शरयू म्हणाली, अहो, मला वाचता येत नाही. म्हटले, म्हणूनच.
संध्याकाळी पाहतो तो चार डब्यांत डिंक, आळीव, सुंठ, खारीक. वायरी पिशवीत, गुंता होऊन. म्हणाली, वाचता आले असते तर विचारले असते.

९ फेब्रुवारी, सकाळी ९
रुळांना बॅटरी जोडली. इंजिन ढिम्म. वायर मात्र चटका बसेल इतकी तापली. कारण उघड आहे: पिशवीतला गुंता.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून दोन तास वायरिंग.

१० फेब्रुवारी
साडेसातला उठलो.

१३ फेब्रुवारी
सगळी वायर उपसून नव्याने ओढली. एकेचाळीस जोड. एकूणएक तपासले. निर्दोष. बॅटरी पंधरा मिनिटांत ठार. हल्ली माल बोगस येतो.

१५ फेब्रुवारी
शरयूने मला न विचारता मच्छिंद्र वायरमनला बोलावले. चप्पल दाराशी काढून आत आला, वाकला, अन् लगेच हसला. म्हणे, काका, दोन्ही रूळ तुम्हीच लोखंडानं जोडून ठेवले, मंग करंट इंजिनात कशाला जाईल? पट्टीतून जाऊन राह्यला ना परत.
मी त्याला सुनावले, स्टेशनात जाऊन पाहा. तिथे लोखंडीच आहेत. गाडी धावते की नाही?
म्हणाला, धावते ना काका, बराबर धावते. पण ती कोळशावर.
शरयू पदर तोंडाशी धरून आत गेली. चहा मीच दिला त्याला.
सर्टिफिकेटवाल्यांना सूक्ष्म निरीक्षण नसते.

१७ फेब्रुवारी
शरयू जुन्या वह्यांचे पुठ्ठे घेऊन बसली. पट्ट्या मी कापते, तुम्ही चिकटवा, आज-उद्यात होईल. फेरा झाला पाहिजे हो, उमा खूश होईल. कात्रीही घेऊन आली होती.
मी म्हटले, पुठ्ठ्यावरचे स्टेशन म्हणजे खेळणे. उमाला खोटी वस्तू दाखवणार नाही.
तिने पुठ्ठे उचलून ठेवले.
माझा उपाय तयार आहे. करंट कमी पडतो आहे. उद्या दोन बॅटऱ्या.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळी ५
दोन बॅटऱ्या. ठिणगी, धूर, वास. एकेचाळीसही जोडांवरची रबरे वितळली. शरयू ओले पोते घेऊन धावत आली.
इंजिन जागचे हलले नाही.

१९ फेब्रुवारी
खोली रिकामी करायला तीन दिवस लागतील असा माझा हिशेब होता. सगळे डब्यांत घालून फळीसकट माळ्यावर टाकायला वीस मिनिटे लागली. आधीपासून शिस्त असली की असे होते.
उमा दुपारच्या गाडीने आली. थकली आहे. बाजेवर पडून चहूकडे पाहिले. म्हणाली, बाबा, किती मोकळी खोली! आई लिहायची, तुम्ही वर्षभर इथेच असता म्हणून. काय करत होता हो?
म्हटले, काही नाही.