रेग्युलेटरच्या टोपणाबाबत

दिनांक : १४ ऑक्टोबर

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
पाण्याखालील कामे व उपकरणे सुरक्षा कार्यालय,
खोली क्र. ६, दुसरा मजला.

विषय : रेग्युलेटरचे टोपण कंपनीने न दिल्याबाबत, व त्यापायी माझ्या पतीचा पाणबुड्याचा परवाना थांबवला गेल्याबाबत.

संदर्भ : १) कंपनीचा तपासणी अहवाल, दि. ३० सप्टेंबर. २) आपल्या कार्यालयाचे परवाना स्थगितीचे पत्र, दि. ६ ऑक्टोबर.

महोदय,

१. अर्जदार ही बंदरात काम करणाऱ्या एका पाणबुड्याची पत्नी आहे. माझे पती गेली सव्वीस वर्षे जहाजांच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडणे, पंख्यात गुंतलेले दोर कापणे अशी कामे करतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका नामांकित कंपनीचा रेग्युलेटर घेतला. रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासापुरती करून माणसाच्या तोंडाशी आणून देणारे यंत्र. आपण अधिकारी आहात, आपल्याला हे ठाऊकच आहे. पण कंपनीच्या फोनवरच्या मुलीला ठाऊक नव्हते, त्यामुळे आता जिथे तिथे समजावून सांगायची मला सवय लागली आहे. वस्तू फार महाग होती. आमच्या घरात तिच्याइतके महाग दुसरे काही नाही, आम्ही दोघे धरून.

२. दि. ३ मार्च रोजी रेग्युलेटर वार्षिक सर्व्हिसिंगसाठी कंपनीच्या केंद्रात दिला. दि. १९ मार्च रोजी तो परत आला, चकचकीत होऊन आला, पण त्याचे टोपण आले नाही. हे टोपण अंगठ्याएवढे, काळ्या प्लॅस्टिकचे असते. रेग्युलेटर सिलिंडरवरून काढला की हवा आत जायच्या भोकावर ते घट्ट बसवायचे आणि मगच तो गोड्या पाण्यात धुवायचा. नाहीतर पाणी आत शिरते आणि आतून गंज धरतो. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, तशातली गत. बाजारातले टोपण त्याला बसत नाही, कारण कंपनीने आटे आपले वेगळे ठेवले आहेत. शिवाय दुसरे काही बसवल्यास हमी रद्द होईल, असे पुस्तिकेत ठळक छापले आहे.

३. मी कंपनीला अकरा वेळा फोन केला. दर वेळी आधी बासरी ऐकवली जाई, मग माझा फोन त्यांच्यासाठी फार मोलाचा आहे असे सांगून पुन्हा बासरी. एक मुलगी म्हणाली की टोपण सुटे विकले जात नाही. दुसरी म्हणाली की विकले जाते, पण हरवलेले असल्याचा पुरावा द्या. नसलेल्या वस्तूचा पुरावा कसा द्यायचा, ते तिलाही सांगता येईना. मेमध्ये एक खोके आले, त्यात आभाराचे कार्ड आणि कंपनीचा स्टिकर होता. जूनमध्ये टोपण आले, ते दुसऱ्याच मॉडेलचे. दि. २२ जुलै रोजी त्यांनी आपणहून फोन केला आणि तक्रार समाधानकारकरीत्या बंद केल्याचे कळवले.

४. दरम्यान काम थांबवणे शक्य नव्हते. भोकावर चिकटपट्टी लावून पाहिली, ती ओली झाली की सुटे. शेवटी धुताना भोकावर अंगठा दाबून धरायचा, असे ठरले. चार महिने तसेच चालले.

५. दि. ९ ऑगस्ट रोजी माझे पती अठरा मीटरवर एका जहाजाच्या पंख्याशी असताना रेग्युलेटरमधून हवा येणे जड झाले आणि मग थांबले. वर पाण्याच्या तोंडाशी तो बरोबर चालत होता, खोलवर त्याने दगा दिला. ते जितक्या सावकाश वर यायला हवे तितक्या सावकाश येऊ शकले नाहीत. दोन दिवस त्यांना इस्पितळात दाबाच्या कोठडीत ठेवले होते, म्हणजे घाईने वर आलेल्या पाणबुड्याच्या अंगावरचा दाब जिथे हळूहळू उतरवतात त्या बंद टाकीत. डावा पाय अजून भरवशाचा नाही. जिना चढताना कठडा धरावा लागतो. डॉक्टर म्हणतात, जानेवारीपासून प्रशिक्षणाच्या तलावात नव्या मुलांना शिकवता येईल. पण त्याला परवाना लागतो, आणि कंपनीच्या अहवालात आत पाणी शिरून गंज धरल्याचे सांगून ‘पाणबुड्याचा निष्काळजीपणा’ असे लिहिल्याने आपण तो थांबवला. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. ज्या माणसाने सव्वीस वर्षांत एक पट्टा सैल बांधला नाही, त्याच्याबरोबर आता कोणी पाण्यात उतरायला तयार नाही. आपले पत्र वाचून ते एवढेच म्हणाले, “बरोबर आहे त्यांचं.” आणि खिडकी लावून घेतली.

महोदय, इथवरचा अर्ज मी काल लिहिला. शेवटी फक्त परवाना परत द्यावा ही विनंती आणि सही राहिली होती. आज सकाळी जोडायच्या कागदांच्या प्रती काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेले. अहवालाच्या मागे ह्यांचा जबाब टाचलेला होता. मला तो ह्यांनी कधी दाखवला नव्हता. दुकानात गर्दी होती, म्हणून बाजूला उभी राहून वाचला.

त्यात लिहिलंय : “रेग्युलेटर मी स्वतः धुतो. धुताना घ्यायची खबरदारी माझ्याकडून घेतली गेली नाही. घरातील इतर कोणाचा या उपकरणाशी संबंध येत नाही.” खाली सही. सही ह्यांचीच आहे, मी ओळखते.

हे साफ खोटं आहे. ह्यांनी सव्वीस वर्षांत एकदाही सामान धुतलेलं नाही. पाण्यातून वर आलेल्याने सामानाला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. गारठलेल्या बोटांना काय सैल आणि काय घट्ट ते कळत नाही, म्हणून. धुते मी. चौथ्या मुद्द्यातला अंगठा माझा आहे. काल मी तो कोणाचा ते लिहायचं मुद्दाम टाळलं, आणि आपल्या लक्षात येणार नाही असं समजले.

आता २२ जुलैचं सांगते. दुपारी मी मोरीत बादलीपाशी बसले होते, रेग्युलेटर पाण्यात, अंगठा भोकावर. फोन वाजला. कंपनीचा नंबर मला तोंडपाठ होता. तीन आठवडे मी त्या फोनची वाट पाहत होते, म्हटलं हा उचलला नाही तर पुन्हा बासरी. मी अंगठा काढला आणि फोन घेतला. ती मुलगी गोड बोलत होती, तक्रार बंद झाली म्हणाली, आणि सेवेला पाचपैकी किती गुण द्याल ते विचारलं. मी भांडत बसले. परत आले तेव्हा रेग्युलेटर बादलीच्या तळाशी होता. मी तो झटकला, पुसला, उन्हात टांगला आणि ह्यांना काही सांगितलं नाही. आधीच टोपणापायी ह्यांची चिडचिड होत होती, त्यात आणखी भर कशाला, म्हणून. अठरा दिवसांनी हे तोच तोंडात धरून खाली गेले.

इस्पितळात कोठडीच्या गोल काचेतून ह्यांनी मला हात केला, तेव्हाही मी बोलले नाही. अहवाल आल्यावर तर मी ह्यांच्यासमोर कंपनीला शिव्या घातल्या. आत पाणी शिरलं होतं हे वाचल्याबरोबर ह्यांना सगळं कळलं असणार, कारण धुणारं माणूस घरात एकच आहे. आणि हे आपल्या कार्यालयात जाऊन स्वतःच्या हाताने ते लिहून आले. माझ्या बाजूने कोणी इतकं मोठं खोटं बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि ते वाचून मला बरं वाटलं नाही. उभ्या उभ्या रडू आलं. दुकानदाराने किती प्रती काढायच्या ते तीनदा विचारलं.

हा अर्ज म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे मला कळतं. तरीही विनंती अशी की :

(अ) माझ्या पतीचा जबाब खोटा धरून काढून टाकावा. अहवालात निष्काळजीपणा लिहायचाच असेल तर तो पत्नीचा, असा लिहावा.

(आ) कंपनीकडून २२ जुलैच्या फोनचं ध्वनिमुद्रण मागवावं. गुणवत्तेसाठी सगळं मुद्रित करतो असं त्या स्वतःच सांगतात. फोन घ्यायला मी बादलीपासून उठले, हे मी त्या मुलीला रागाने दोनदा ऐकवलं आहे. दुसरा पुरावा माझ्याकडे नाही.

(इ) माझी चूक धरली म्हणून कंपनीला सोडू नये. टोपण त्यांच्याकडेच राहिलं. ते आलं असतं तर माझ्या अंगठ्यावर कोणाचा श्वास अवलंबून राहिला नसता.

(ई) निर्णय काहीही होवो, त्याचं पत्र माझ्या नावे न पाठवता ह्यांच्या नावे पाठवावं, आणि त्यात ‘आपल्या पत्नीने सर्व लिहून दिले आहे’ एवढं एक वाक्य घालावं. आमचं घर दोन खोल्यांचं आहे. हे मला सांभाळायला गप्प आहेत आणि मी भीतीने गप्प आहे. समोरासमोर बसून जेवतो, मीठ द्या-घ्यापलीकडे बोलत नाही. तोंडाने सांगायला मी रोज बसते आणि रोज उठते. माझ्याच्याने होत नाही, साहेब. तुमचं पत्र आलं तर हे वाचतील, आणि मी तेव्हा घरातच असेन.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
अर्जदार
(सही)

सोबत :
१) कंपनीच्या अहवालाची प्रत.
२) अकरा फोनच्या तारखा व वेळा, वहीच्या पानावर.
३) दुसऱ्या मॉडेलचे टोपण, एक नग.
४) पतीच्या जबाबाची प्रत. पतीकडचा कागद होता तसाच त्यांच्या फायलीत परत ठेवला आहे.